ड्रायव्हर गाडीसोबत

पोस्टिंगची ऑर्डर आली तेव्हा मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. उत्तरेकडच्या डोंगरात, बारा हजार फुटांवर आमचं छोटं वर्कशॉप होतं. पत्र्याच्या दोन शेड, बंद गाड्या ओढून आणणारं एक रिकव्हरी व्हेइकल आणि एकोणीस माणसं. निवृत्त झाल्यावर लोक मला विचारतात, तुम्ही गोळी किती वेळा चालवली. फायरिंग रेंज सोडली तर एकदाही नाही. अठ्ठावीस वर्षं मी बंद पडलेल्या गाड्या चालू केल्या. नोकरी एवढीच होती.

त्या नोकरीत एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. बंद पडलेली गाडी रस्त्यावर टाकून जायचं नाही. ड्रायव्हर गाडीसोबत थांबतो. मदत आणायला दुसरा जातो.

लान्स नायक हरेश्वर म्हात्रे आमच्याकडे ड्रायव्हर होता. भाईंदर पश्चिमेला मोरवा गाव आहे, तिथला. घरचे लोक पिढ्यान् पिढ्या मिठागरावर राबलेले. मी लालबागच्या चाळीत वाढलेला. एकोणीस जणांत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे कामावर जोडी बहुतेक वेळा आमचीच लागायची. त्याचं वय चोवीस. गाडी छान चालवायचा. घाटात हॉर्न कमी वाजवायचा. मला उस्ताद म्हणायचा.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. पुढच्या एका पोस्टवर जनरेटर दुरुस्त करून आम्ही तीन-टनी ट्रकने परत येत होतो. मागे रॉकेलची बॅरल्स आणि थोडं रेशन होतं. १३२० वाजता मागची ॲक्सल शाफ्ट तुटली. जागेवर होण्यासारखं काम नव्हतं. ट्रकमध्ये रेडिओ सेट नव्हता. चार किलोमीटर खाली ट्रॅफिक चेक पोस्ट होती, तिथे होता. मी निघालो.

हरेश्वर म्हणाला, "उस्ताद, मी पण येऊ?"

मी म्हणालो, "गाडी सोडायची नाही. तू बस. मी येतो."

"ठीक आहे," म्हणाला आणि कॅबमध्ये जाऊन बसला.

१४२५ वाजता मी चेक पोस्टवर पोहोचलो. सेटवर कळवलं. "एक तीन-टनी डाऊन. किलोमीटर अकरा. ड्रायव्हर गाडीसोबत. रिकव्हरी पाठवा. ओव्हर."

उत्तर आलं, "रिकव्हरी सोळाशेला तुमच्याकडे. तोवर जागेवर थांबा. ओव्हर."

मी थांबलो. पोस्टवरच्या जवानाने चहा दिला. १४५० वाजता वरून आवाज आला. डोंगरात दरड कोसळल्याचा आवाज एकदा ऐकला की पुन्हा विचारावं लागत नाही. माझ्या हातात चहाचा मग होता. रिकव्हरी येईपर्यंत मला कुणी वर जाऊ दिलं नाही. ती आल्यावर आम्ही किलोमीटर अकरापर्यंत गेलो. तिथे रस्ताच उरला नव्हता.

हरेश्वर तिसऱ्या दिवशी मिळाला. कॅबमध्येच, बसल्या जागी.

चौकशी झाली. नैसर्गिक आपत्ती, कुणाचा दोष नाही, असा निर्णय झाला. माझी साक्ष दीड पानाची होती. हरेश्वरने मला काय विचारलं होतं, ते त्यात नाही. मला ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

त्याची ट्रंक घेऊन मोरव्याला मी गेलो. वडील आधीच वारले होते. आई एकटीच होती. गावात आईला बय म्हणतात, तोही तसंच म्हणायचा. बयने ट्रंक उघडली नाही. मला एकच विचारलं, "एकटा व्हता का?"

मी म्हणालो, "ड्युटीवर होता, बय."

याला चोवीस वर्षं झाली.

नायब सुभेदार म्हणून मी निवृत्त झालो आणि मीरा रोडला हाटकेशमध्ये फ्लॅट घेतला. बायको म्हणाली, आपलं सगळं लालबाग-परळला, इथे कशाला? मी म्हणालो, भाव परवडतो. तिने पुढे विचारलं नाही. मोरवा इथून किती लांब आहे, ते तिला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी ती गेली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी सकाळी फोन करते. बाकीचे सहा दिवस माझ्याशी बोलतात ते सोसायटीचा वॉचमन आणि दूधवाला. सोसायटीतले लोक मला फौजी अंकल म्हणतात आणि लिफ्टमध्ये जागा देतात. मी पावणेपाचला उठतो. चालून येतो. दोन पोळ्या, एक भाजी करतो. दुपारी भांडी घासून झाली की दिवसाचं काय करायचं, हे मला अजून जमलेलं नाही.

महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी मोरव्याला जातो. बय आता शहात्तर-सत्त्याहत्तर वर्षांची आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हवालदार होतो, म्हणून ती अजूनही मला हवालदारच म्हणते. मी औषधं नेतो, ती चहा करते. आम्ही पाण्याबद्दल, तिच्या गुडघ्यांबद्दल, गावात नवीन बिल्डिंग कुठे उठतेय त्याबद्दल बोलतो. हरेश्वरचा फोटो भिंतीवर आहे. त्याच्याबद्दल बोलत नाही. दर वेळी जाताना ठरवायचो, आज सांगायचं. दर वेळी न सांगता परत यायचो.

गेल्या मे महिन्यातल्या शुक्रवारची ही गोष्ट. मी दहा वाजता पोहोचलो. दार उघडं होतं. बय ओट्याला टेकून बसली होती. चेहरा घामाने भिजलेला.

"हवालदार, जबडा दुखतोय," ती म्हणाली. "हात पन."

मी नाडी बघितली. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर पाऊण तास लागेल म्हणाले. बयला उचललं. तिचं वजन फारसं नव्हतं. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं, चारी काचा खाली केल्या आणि निघालो. तेव्हा १०१२ झाले होते. हॉस्पिटल पूर्वेला, पूल ओलांडून.

१०३० वाजता, पुलाचा चढ सुरू होतो तिथे, गाडी बंद पडली.

इंजिन, हॉर्न, लाइट, सगळं एकदम गेलं. चावी फिरवली तर आवाजसुद्धा नाही. मी मेकॅनिक आहे. मला त्याच क्षणी कळलं की फॉल्ट विजेचा आहे, लहान आहे, आणि बॉनेट उघडलं तर वीस मिनिटांत निघेल. मी आरशात बघितलं. बयचे ओठ निळसर पडले होते. तिच्याकडे वीस मिनिटं नव्हती.

मागे रांग लागली. हॉर्न सुरू झाले. एकाने बाजूने जाताना हिंदीतून शिवी दिली. मी उतरून रिक्षांना हात दाखवला. दोन भरलेल्या गेल्या. तिसऱ्या रिक्षासमोर एक माणूस जाऊन उभाच राहिला, त्यामुळे ती थांबली. पन्नास-पंचावन्नचा असेल. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, हातात भाजीची पिशवी. आतल्या पॅसेंजरला तो म्हणाला, "भाई, उतरो. पेशंट है." पॅसेंजर उतरला. त्या माणसाने पिशवी फुटपाथवर ठेवली, माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि बयचे पाय धरले. मी खांदे धरले. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती, पण पकड घट्ट होती.

बयला रिक्षात बसवलं. मी मागे वळून गाडीकडे बघितलं. चारी काचा खाली. वीज गेल्यामुळे त्या वर होणार नव्हत्या. गाडी रस्त्याच्या मधे उभी.

"तुम्ही जावा," तो माणूस म्हणाला. "मी बसतो गाडीत."

"किती वेळ लागेल माहीत नाही."

"बसतो. आज कंपनीला सुट्टी आहे."

मी चावी त्याच्या हातात दिली. अठ्ठावीस वर्षांत मी अनोळखी माणसाला गाडीजवळ फिरकू दिलं नव्हतं. म्हणालो, "मी येतो."

रिक्षा निघाली. पुलावर बयने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी तिच्याशी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. ती मधूनमधून "हां" म्हणत होती. "हां" यायचा थांबला की मी मोठ्याने बोलायचो.

१०५१ वाजता कॅज्युअल्टीत पोहोचलो. ईसीजी झाला. हार्ट अटॅक होता. तिला लगेच आत नेलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटचे तुम्ही कोण?"

मी म्हणालो, "तिच्या मुलाच्या युनिटमधला."

"मुलगा कुठे आहे?"

"नाही आता."

तिने फॉर्मवर 'नातेवाईक' लिहिलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं. मी सात ठिकाणी सह्या केल्या. नंतर एका बाकावर बसलो. शेजारी एक मोठं कुटुंब होतं, नऊ-दहा माणसं, डबे, थर्मास. त्यांचा एक माणूस आत होता. बयचा एक माणूस बाहेर होता, तो मी. बंगळुरूला फोन करावा असं वाटलं. पण मुलीला बयबद्दल मी कधी काही सांगितलेलंच नव्हतं. कुठून सुरुवात करायची ते कळेना, म्हणून फोन खिशात ठेवला.

१५१० वाजता डॉक्टर बाहेर आले. स्टेंट टाकला होता. "वेळेत आणलंत," ते म्हणाले. "दोन दिवस आयसीयू. आज भेटता येणार नाही."

मी रुमाल काढायला खिशात हात घातला. चावी नव्हती. तेव्हा मला गाडी आठवली, आणि मग तो माणूस.

रिक्षा पकडली. पुलावर ट्रॅफिक होता. बाहेर ऊन असं होतं की रिक्षाच्या दांडीला हात लावता येईना. मला गाडीची काळजी नव्हती. टो करून नेली असती तर सोडवून आणली असती. पण मी एका माणसाला गाडीत बसवून, येतो म्हणून निघालो होतो, आणि पाच तास झाले होते. मी रिक्षावाल्याला दोनदा म्हणालो, जल्दी. तो म्हणाला, "अंकल, उडके जाऊँ क्या?"

पूल उतरून वळसा घेतला. जिथे सोडली होती तिथे गाडी नव्हती.

मी रिक्षातून उतरलो. रस्त्यावर त्या जागी एक बस उभी होती. ती पुढे गेली. खाली फक्त डांबर. मी तिथे किती वेळ उभा राहिलो ते घड्याळात बघितलं नाही. एरवी बघतो.

मग पुढे पन्नास मीटरवर पिंपळाखाली गाडी दिसली. फुटपाथला लावलेली. मागच्या बंपरपाशी तीन विटा रचून त्यावर झाडाची फांदी खोवलेली. तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला होता. झोपला नव्हता. पाठ सरळ, हात मांडीवर.

मला बघून उतरला. शर्ट पाठीला चिकटला होता. त्याने आधी विचारलं, "आई कशी आहे?"

"ऑपरेशन झालं. वाचली."

"बरं झालं," तो म्हणाला. मग गाडीकडे बघून, "ट्रॅफिकवाला आला होता. उचलतो बोलला. मी बोललो, मालक पेशंट घेऊन गेलाय, येतोय. मग त्यानेच धक्का मारला. दोन रिक्षावाले पण आले. इकडे सावली आहे म्हणून इकडे आणली."

"पाच तास झाले," मी म्हणालो.

"हो ना. मेथी सुकली."

पिशवी शेजारच्या सीटवर होती. जुडी खरंच मलूल झाली होती.

"तुम्ही गेला का नाहीत?"

त्याला प्रश्न नीट कळला नसावा. म्हणाला, "तुम्ही येतो बोललात ना." मग म्हणाला, "घरी जाऊन पण बसणारच होतो. मिसेस गेल्यापासून शुक्रवार लई लांब होतो."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीची अर्थिंगची वायर खाऱ्या हवेने गंजून टर्मिनलपाशी तुटली होती. डिकीतून टूलबॉक्स काढला. वायर कापली, सोलली, घट्ट केली. तो न सांगता बाजूला उभा राहून वायर धरत होता, पाना पुढे करत होता. हाटकेशच्या एका गाळ्यात प्रेस मशीनवर आहे म्हणाला. बोटं तिथेच गेली. बारा मिनिटांत गाडी सुरू झाली.

"सोडतो तुम्हाला," मी म्हणालो.

"नको. इथेच आतमध्ये रूम आहे."

"नाव काय तुमचं?"

"शंकर."

"पूर्ण?"

तो हसला. "शंकरच. कंपनीत पण शंकरच बोलतात."

त्याने पिशवी उचलली आणि गल्लीत वळला. फोन नंबर मी घेतला नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत प्रत्येक माणसाचं नाव, नंबर, वेळ लिहून घेतलेला मी, ते विसरलो. गाडी चालू होती, तरी मी ती वीस मिनिटं हलवली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो. एक चहावाला येऊन विचारून गेला, काका, सगळं ठीक ना. पुढचे दोन-तीन शुक्रवार मी मुद्दाम त्या गल्लीपाशी गाडी हळू केली. शंकर दिसला नाही.

रविवारी बयला जनरल वॉर्डमध्ये हलवलं. भेटायची वेळ चार ते सहा. मी चारला पोहोचलो. ती उशांना टेकून बसली होती. नाकात नळी होती, पण रंग परत आला होता.

"हवालदार, गारी कशी बंद पडली तुजी? तू तं गाऱ्यांचा मिस्त्री," ती म्हणाली.

मी तिला शंकरचं सांगितलं. तो पाच तास कसा बसला, ते सांगितलं. ती ऐकत होती. म्हणाली, "बसला. कोनाचा कोन, बसला."

मग मी म्हणालो, "बय, एक सांगायचं राहिलंय."

मी उभा राहून सांगितलं. साक्ष देतात तसं. किती वाजता गाडी बंद पडली, मी का निघालो. हरेश्वरने काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं. दरड आली तेव्हा मी चहा पीत होतो, तेही सांगितलं. तो माझ्याबरोबर आला असता तर आज असता, हेही सांगितलं. तिने मला मधे थांबवलं नाही. माझं संपल्यावर ती पंख्याकडे बघत राहिली. पलीकडच्या बेडवरच्या बाईला भेटायला आलेली मुलं मोसंबी सोलत होती. मला वाटलं, ती आता मला जायला सांगेल. मी त्याची तयारी ठेवली होती.

"त्यो इचारनारच," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "बारका व्हता तवा मी आगरावर जायची, मीठ ओढायला. त्याला बांधावर बसवायची. रोज इचारायचा, बय, मी पन येऊ? मी म्हनायची, बस तितंच. भ्यायचा एकटा बसायला. पन बसायचा. मी येयीपर्यंत हालायचा न्हाय."

ती थांबली. दम लागला होता. मी पाणी दिलं.

"तू बसवलास," ती म्हणाली. "मी पन बसवायची."

मी खुर्ची ओढून बसलो.

तिने विचारलं, "त्या दिशी जेवला व्हता का त्यो?"

चोवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. चौकशीतही नाही. आणि हे मला माहीत होतं.

"हो," मी म्हणालो. "साडेअकराला. पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी. ट्रकच्या फूटबोर्डवर बसून खाल्लं. माझ्या डब्यातली एक पुरी त्याने पळवली. मी ओरडलो तेव्हा अर्धी परत दिली."

"अर्धी?"

"अर्धीच."

बय हसली. नळीमुळे तिला नीट हसता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. "तसाच व्हता," ती म्हणाली. "आनखी सांग."

मी सांगत गेलो. तो घाटात हॉर्न कमी का वाजवायचा. अंघोळीचं पाणी गोठलं तेव्हा काय म्हणाला. पत्र लिहायचा आणि पोस्टात टाकायला विसरायचा, म्हणून शेवटी त्याची पत्रं मीच टाकायला लागलो. तिने त्याच्या शाळेचं सांगितलं. खाडीत पडला होता त्याचं सांगितलं. मोठ्या उधाणाच्या दिवशी तो जन्मला होता, हे मला माहीत नव्हतं.

सहा वाजता सिस्टर आली. म्हणाली, वेळ संपली, आता निघायचं.

बय तिला म्हणाली, "थांब गो जरा. माज्या पोराचं बोलनं चाललंय."